सहा तासांचं गणित: शस्त्रक्रियेची तारीख येईपर्यंत पित्ताशयाच्या कळा

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. पित्ताशयात खडे सापडले, शस्त्रक्रिया ठरली आणि तारीख लांबली, अशा रुग्णांमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. औषधांच्या मात्रा या रुग्णाच्या तपासण्या बघून ठरलेल्या आहेत. दुसऱ्याने त्या तशाच उचलू नयेत.

रुग्ण आणि पहिली रात्र

बाई ४४ वर्षांच्या, वजन ६८ किलो. सोलापूर जिल्ह्यातलं गाव, तालुक्यापासून २२ किलोमीटर. मधुमेह ६ वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. घरात नवरा, सासूबाई आणि बारावीतली मुलगी.

वर्षभर महिन्या-दीड महिन्याने रात्री पोटात वरच्या बाजूला, बरगड्यांच्या मधल्या खळगीत दुखायचं. दोन-तीन तासांनी आपोआप थांबायचं. घरातलं निदान पक्कं होतं: "पित्त झालंय, दुसरं काय." मराठीत या एका शब्दाने फार घोळ होतो. आंबट ढेकर आले तरी पित्त, डोकं चढलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. त्यामुळे खरोखर पित्ताच्या पिशवीतून उठणारी कळसुद्धा त्याच डब्यात जाते आणि तिच्यावर आवळा, थंड दूध, सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल असे उपाय होत राहतात. कळ आपोआप थांबणारीच असते, म्हणून जे शेवटी घेतलं त्याचाच गुण आला असं वाटतं.

लग्नाची जेवणावळ झाली त्या रात्री ११ वाजता कळ आली ती थांबेना. तालुक्याच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढला, आणि ते योग्यच झालं. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही बाईला छातीत न दुखता नुसतं पोटात वर दुखून हृदयविकाराचा झटका आलेला असू शकतो. ईसीजी ठीक निघाला. डायक्लोफिनॅक ७५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन स्नायूत दिल्यावर पाऊण तासात कळ ओसरली. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी सोनोग्राफी झाली. पित्ताशयात अनेक खडे, सर्वांत मोठा १६ मिलिमीटर, एक ९ मिलिमीटरचा पित्ताशयाच्या मानेजवळ, म्हणजे तोंडाच्या अरुंद भागाशी. भिंत २.५ मिलिमीटर (३ पर्यंत ठीक धरतात), मुख्य पित्तनलिका ४.५ मिलिमीटर (६ पर्यंत ठीक). बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ०.७, लायपेज (स्वादुपिंडाची तपासणी) ठीक, पांढऱ्या पेशी ८,२००, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ०.८. म्हणजे खडे होते, कळ खड्यांचीच होती, पण पित्ताशयाला अजून सूज नव्हती आणि नलिकेत खडा दिसत नव्हता.

अडचण दुसरीकडे होती. हिमोग्लोबिन ८.९, म्हणजे कमी, आणि एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ९.४, म्हणजे चढा. शस्त्रक्रियेची तारीख ६ आठवड्यांनंतरची मिळाली, थोडी रांगेमुळे आणि थोडी या दोन आकड्यांमुळे.

कळ नेमकी कशाची

यकृत दिवसाला साधारण ६०० ते १,००० मिलिलिटर पित्तरस बनवतं. पित्ताशयाची पिशवी जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची. ती पित्तरस आटवून घट्ट करते आणि जेवणातली चरबी लहान आतड्यात पोचली की एका संप्रेरकाच्या इशाऱ्यावर आकसून तो बाहेर ढकलते. त्या वेळी मानेशी खडा अडकलेला असला तर पिशवी बंद दारावर धडका देत राहते. ही कळ पोटात मुरडा आल्यासारखी येत-जात नाही. ती अर्ध्या तासात चढते आणि मग एकसारखी ठणकत राहते. पाठीत, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली जाते. माणूस तळमळतो. उठतो, बसतो, येरझाऱ्या घालतो, कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. खडा मागे सरकला की कळ संपते. बहुधा हे अर्ध्या तासापासून पाच-सहा तासांच्या आत घडतं. त्यापुढे खडा अडकूनच राहिला तर पिशवीच्या भिंतीला सूज येते, आणि मग ते दुखणं वेगळ्या जातीचं असतं.

घरच्या घरी ओळखायला उपयोगी असा फरक तळमळण्याचा आहे. साध्या कळेत माणूस एका जागी थांबत नाही. सूज आली की हललं तरी दुखतं, खोकलं तरी दुखतं, म्हणून तो निपचित पडून राहतो. घरच्यांना वाटतं, आता जरा बरं वाटतंय बहुतेक. खरं तर ती जास्त काळजीची खूण असते.

पहिला आठवडा: स्वयंपाकघर

"तेलकट, तुपकट बंद करा" हा सल्ला सगळेच देतात. चरबी कमी केली की कळ नक्की टळते असा भक्कम पुरावा नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शनातही एवढंच आहे की ज्या पदार्थाने त्रास सुरू होतो तो पित्ताशय निघेपर्यंत टाळावा. पण या घरात हिशोब मांडल्यावर सुधारायला बरीच जागा दिसली.

माणसं ४ आणि महिन्याला ५ लिटर तेल, म्हणजे माणशी रोज ४० मिलिलिटरच्या वर. त्यात सोलापूरकडची शेंगादाण्याची चटणी. दाण्यात जवळपास निम्मी चरबी असते. चटणीचे दोन भरलेले चमचे, साधारण २० ग्रॅम, म्हणजे १० ग्रॅम चरबी, आणि वर कच्च्या तेलाची धार वेगळी. म्हशीचं दूध ६ टक्क्यांच्या पुढे. भाकरी मात्र निर्दोष. आमटी-भाजीत दाण्याचं कूट, तर्री आणि चटणीवरचं तेल, चरबी येत होती ती या तीन वाटांनी.

ठरलं ते असं: तेल महिन्याला ३ लिटर, मोजून एका बरणीत वेगळं काढायचं. चटणी ६ आठवडे ताटात नाही. तिच्या जागी जवसाची चटणी असा कुणीतरी सुचवलेला पर्याय बाद, कारण जवसातही चरबी भरपूर असते. दूध डबल टोन्ड. मोड आलेली मटकी, मूग, घट्ट वरण, दह्याऐवजी ताक आणि अंड्यातला पांढरा भाग दिवसाआड, कारण जखम भरायला प्रथिनं लागतात आणि नुसत्या पेज-भातावर राहिलेला रुग्ण शस्त्रक्रियेला अशक्त होऊन येतो.

चरबी अगदी शून्यावर आणणंही चुकीचं. पिशवी आकसलीच नाही तर पित्तरस साचून आणखी घट्ट होतो. घाबरून जेवणच सोडून आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वजन उतरवलं तर नवे खडे होण्याची शक्यता वाढते. जेवणं लहान आणि वेळेवर ठेवायची. रात्रीचं साडेसातला, सकाळची न्याहारी आठच्या आत. रात्री नऊला जेवून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत नुसत्या चहावर राहायची सवय मोडली.

या दिवसांत गावातून सल्ले येतच होते. पानफुटीची पानं, कुळथाचं कढण, बिअर हे सगळे मूतखड्याचे उपाय. मूतखडा लघवीच्या वाटेवर असतो, पित्ताशय त्या वाटेवर नाहीच. ऑलिव्ह तेलात लिंबू पिळून रात्री पिण्याचा उपाय व्हॉट्सॲपवरून आला होता. सकाळी हिरवट गोळे पडतात ते खरं आहे, पण ते त्याच तेलाचे पोटात बनलेले साबणासारखे गोळे असतात. आणि मानेशी खडा असताना एका दमात पेलाभर तेल पिणं म्हणजे पिशवीला मुद्दाम डिवचणं. खडे विरघळवायच्या अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या खऱ्या आहेत, पण त्या चुना न चढलेल्या लहान कोलेस्टेरॉलच्या खड्यांसाठी, तेही महिनोन्महिने. १६ मिलिमीटरच्या खड्याला त्यांचा उपयोग नव्हता.

दुसरी कळ: नवव्या दिवशी काय चुकलं

नववा दिवस एकादशीचा. दिवसभर उपास आणि रात्री आठला साबुदाण्याची खिचडी. दाण्याचं कूट मूठभर, तूप, वर बटाटा. पिशवी दिवसभर तुडुंब भरलेली आणि मग एकदम चरबीचा लोंढा. दहाला कळ आली. खाण्यातली चूक लगेच कळण्यासारखी होती. गोळ्यांमध्ये मात्र चार चुका झाल्या, आणि त्या जवळपास प्रत्येक घरात होतात.

पहिली, गोळी दोन तास घेतलीच नाही. "बघू या, थांबेल." दुसरी, घेतलेली गोळी डायक्लोफिनॅक सोडियमची, आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची होती. तिचा पूर्ण असर यायला दोन तासांवर जाऊ शकतात. तिसरी, गुण येईना म्हणून मुलीने पाळीच्या वेळी घेते ती मेफ्ताल स्पास दिली. तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड असतं, म्हणजे डायक्लोफिनॅकच्याच कुळातलं औषध. वेदना तेवढ्याने दुप्पट कमी होत नाही. जठर आणि मूत्रपिंडावरचा ताण मात्र वाढतो. त्यात उलट्या होऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं आणि सकाळी टेल्मिसार्टन घेतलेली. ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं. चौथी चूक सर्वांत घातक: संध्याकाळची ग्लिमेपिराइड घेतली होती आणि खिचडी उलटून पडली. रात्री दीडला हातपाय थरथरू लागले, दरदरून घाम. मुलीने बोटावर टोचून पाहिलं, साखर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजली, पंधरा मिनिटांनी ९२. कळ साडेतीनला थांबली.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेल्यावर ही सगळी हकिगत सांगून योजना नव्याने लिहून घेतली. डायक्लोफिनॅक पोटॅशियम ५० मिलिग्रॅम, कळ सुरू झाल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत, कारण तिचा गुण अर्ध्या तासाच्या आसपास दिसू लागतो. सोबत पॅरासिटामॉल १ ग्रॅम. डायक्लोफिनॅकची पुढची गोळी ८ तासांच्या आत नाही, दिवसात १५० मिलिग्रॅमच्या वर नाही. गोळी उलटून पडली तर तेच औषध गुदद्वारातून ठेवायच्या वडीच्या रूपात, म्हणजे सपोझिटरी; ती फ्रिजच्या दारात ठेवलेली. ती वापरली तर दिवसाची मर्यादा तिच्यासकट मोजायची. ड्रोटाव्हेरिन किंवा हायोसिनसारखी मुरडा सोडवणारी गोळी जोडीला चालते, पण एकटीच्या भरवशावर राहायचं नाही; या कळेवर डायक्लोफिनॅकच्या कुळाचा गुण जास्त येतो. सायक्लोपाम घरात होती, तिच्यात पॅरासिटामॉल आहे, म्हणून ती कपाटातून काढून टाकली. पँटोप्राझोल ४० मिलिग्रॅम सकाळी, खड्यांसाठी नव्हे तर डायक्लोफिनॅकपासून जठर सांभाळण्यासाठी. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, हृदयविकार आहे, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे, अशा गोळ्यांनी दमा उसळतो किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांच्यासाठी ही योजना नाहीच.

मधुमेहाचा नियम वेगळ्या रंगाच्या पेनाने लिहिला: जेवण नाही तर ग्लिमेपिराइड नाही. उलट्या चालू असताना मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टनही थांबवून डॉक्टरांना फोन. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी चालू असती तर हा नियम आणखी कडक लागला असता. उपाशी असताना त्या गोळीने साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं, आणि त्याचीही लक्षणं पोटदुखी आणि उलट्या हीच.

शेक चालतो. गरम पाण्याची पिशवी पंचात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. मधुमेहाने कातडी बधिर झाली असेल तर भाजलेलं कळत नाही, म्हणून आधी दुसऱ्याने हात लावून बघायचं.

मधले दोन आठवडे: थांबण्याचा उपयोग

लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन दोन-तीन आठवड्यांत साधारण १ ने चढतं, आणि त्यांनी पोटात वर जळजळतं, शौचाला काळं होतं. या रुग्णात त्याने दुहेरी गोंधळ झाला असता. जळजळ खड्याची की गोळीची कळलं नसतं, आणि डायक्लोफिनॅकमुळे जठरातून रक्त गेलं तरी शौचाला काळंच होतं. (लोहाचं काळं घट्ट, हिरवट झाकेचं असतं, रक्ताचं डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं.) म्हणून गोळ्यांऐवजी शिरेतून द्यायचं लोह, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, १ ग्रॅम सलाईनमधून दिलं.

एचबीए१सी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. ६ आठवड्यांत ते ठरल्या आकड्याच्या खाली आणायचा हट्ट धरला असता तर तारीख पुन्हा पुढे गेली असती. डॉक्टरांनी रोजचे आकडे बघायचं ठरवलं. उपाशीपोटी १४० च्या आत, जेवणानंतर १८० च्या आसपास, आणि त्यासाठी गोळ्यांच्या जोडीला रात्री इन्सुलिनची एक मात्रा सुरू केली.

शस्त्रक्रियेची भीतीही होती. सासूबाईंच्या जाऊबाईंच्या पोटावर वीतभर व्रण आहे. त्यांचं पित्ताशय पोट उघडून काढलं होतं. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली, आणि जाऊबाईंची त्याच्या आधीची. आता बहुधा चार छोटी छिद्रं, त्यातलं मोठं बेंबीजवळ सेंटिमीटरभराचं. हे समजावायला दहा मिनिटं पुरली, पण तोवर ती भीती कुणी विचारलीच नव्हती.

तिसरी कळ

फ्रिजच्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. वहीचं आडवं पान, मुलीच्या अक्षरात सहा रकाने: वेळ, शेवटचं जेवण, दुखणं दहापैकी किती, गोळी, ताप, लघवीचा रंग. तेविसाव्या दिवसाच्या ओळी अशा आहेत:

रात्री ९.४० सुरू. जेवण ७.३०, दीड भाकरी, दोडक्याची भाजी, ताक. दुखणं ८. डायक्लो ९.५५, पॅरा १०.००. ताप ९८.४. लघवी साधी पिवळी.
११.३०. दुखणं ५. एक उलटी, हिरवी.
२.००. दुखणं ७. ताप ९९.८. उजवीकडे बरगडीखाली हात लावू देत नाही.
३.१५. दुखणं ७. पडून आहे, बोलत नाही.

सासूबाई पहिल्यांदा विचारत्या झाल्या, "काय खाल्लंस गं आज?" काहीच वावगं खाल्लं नव्हतं. खडा स्वतःच्या मर्जीने सरकतो. दोडक्याच्या भाजीनंतरही अडकतो. रुग्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की पुढची कळ ती लपवते.

कागदाखाली ठळक अक्षरात होतं: कळ थांबली नाही तर रुग्णालयात निघायचे ६ तास मोजायचे ते दुखायला लागल्यापासून, गोळी घेतल्यापासून नव्हे. साडेअकराला दुखणं ५ वर आलं तेव्हा नवरा म्हणाला, "उतरतंय, झोपू दे तिला." गोळीने अर्धं दुखणं झाकलं तरी घड्याळ थांबत नाही, आणि पॅरासिटामॉल पोटात असताना ९९.८ हा आकडा जेवढा दिसतो तेवढा साधा नसतो. सहा तास न थांबता निघायच्या खुणाही तिथेच होत्या: १००.४ फॅरनहाइट ताप किंवा हुडहुडी, डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, घोटभर पाणीही न टिकणं, पोटातून पाठीकडे पट्टा आवळल्यासारखं दुखणं, छातीत किंवा जबड्यात दुखून घाम येणं, साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर. हुडहुडी आणि कावीळ एकत्र म्हणजे मुख्य नलिकेत खडा आणि जंतुसंसर्ग. पट्ट्यासारखी कळ म्हणजे स्वादुपिंडाला सूज असण्याची शक्यता. दोन्हींत सकाळची वाट बघायची नसते.

सव्वातीनला मुलीनेच १०८ ला फोन लावला. गाडीला वेळ लागेल असं दिसल्यावर शेजारच्यांच्या जीपने निघाले. गतिरोधकावर जीप आदळली की बाई किंचाळायच्या. पोटाच्या अस्तराला सूज पोचल्याची ही खूण दाखल करणाऱ्या डॉक्टरला आवर्जून सांगावी. जवळच्या दवाखान्यात थांबून इंजेक्शन घ्यायचा मोह टाळला. जिथे शल्यचिकित्सक आणि सोनोग्राफी दोन्ही आहे तिथेच जायचं हे आधी ठरलेलं होतं. पिशवीत जुना सोनोग्राफीचा रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं, आधार आणि रेशनकार्ड. भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं, म्हणून निघताना चहा दिला नाही.

परिचारिकेने विचारलं, "ताई, दुखायला किती वाजता लागलं?" मुलीने कागद पुढे केला.

बरगडीखाली बोटं दाबून खोल श्वास घ्यायला सांगितला तसा श्वास अर्ध्यावर अडला. पांढऱ्या पेशी १५,६००, पित्ताशयाची भिंत ५ मिलिमीटर, ९ मिलिमीटरचा खडा मानेत घट्ट. बिलिरुबिन १.१, लायपेज ठीक. तीव्र पित्ताशयदाह, म्हणजे पित्ताशयाला अचानक आलेली सूज, पण सौम्य प्रतीची. मधुमेहात हाच दाह कमी तापात, कमी दुखण्यात पुढे सरकून भिंत सडण्यापर्यंत जाऊ शकतो, म्हणून सकाळपर्यंत घरी काढलेले तास महाग पडले असते.

पूर्वी अशा वेळी प्रतिजैविकं देऊन सूज उतरवत आणि सहा आठवड्यांनी बोलावत. मधल्या काळात निम्म्या वाटेत परत दुखून येणारे बरेच असत. आता भूल सोसेल अशा रुग्णाचं पित्ताशय त्याच भरतीत, शक्यतो पहिल्या काही दिवसांत काढतात. नाइसचं म्हणणं निदानापासून आठवड्याच्या आत. इथे सलाईन, प्रतिजैविक, इन्सुलिन सुरू करून चाळिसाव्या तासाला शस्त्रक्रिया झाली. हिमोग्लोबिन १०.३ वर आलेलं असल्याने रक्त चढवावं लागलं नाही. पित्ताशय इतकं ताणलेलं होतं की चिमट्यात धरता येईना. आधी सुईने आतला द्रव ओढून घेतला. पोट उघडावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी घरी. उजव्या खांद्यात दुखलं ते पोटात भरलेल्या वायूमुळे, दोन दिवसांत गेलं. काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवलं होतं. दहा दिवसांनी रिपोर्ट आला, जुनाट आणि ताजी सूज, कर्करोग नाही. नलिकेत एखादा खडा निसटून राहिलेला असू शकतो, म्हणून लघवीचा रकाना आणखी महिनाभर भरायचा ठरला. बाकीचे पाच मुलीने रेघ मारून खोडले. शेंगादाण्याची चटणी शस्त्रक्रियेनंतरच्या चौथ्या आठवड्यात ताटात आली, एक चमचा, तेलाशिवाय.